खांदेरी-उंदेरीचा वाद (इ. स. १६७२ ते १६८०) : बेटावरील बांधकाम, समुद्रावरील गस्त आणि रसद

प्रस्तावना

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास मराठीत बहुतांशी जलदुर्गांचा आणि लढायांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. दुर्ग कोणी बांधला, वेढा कोणी घातला, तोफा किती होत्या, विजय कोणाचा झाला, या प्रश्नांभोवती हे लेखन फिरत राहते. इ. स. १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावरून छत्रपती शिवाजी महाराज आणि इंग्रज यांच्यात जो संघर्ष झाला त्याचेही असेच झाले आहे. इंग्रज लेखकांनी १८ ऑक्टोबरच्या आरमारी चकमकीला महत्त्व देऊन 'रिव्हेंज' या एकाच जहाजाने सारे मराठी आरमार पिटाळल्याचा गौरव केला. मराठी लेखकांनी त्याच चकमकीत इंग्रजांची एक गुराब पाडाव झाल्यावर भर दिला. दोन्ही बाजूंनी एकाच दिवसाकडे पाहिले. वास्तविक हा वाद त्या दिवशी सुरू झाला नव्हता आणि त्या दिवशी संपलाही नाही. ऑगस्ट १६७९ ते जानेवारी १६८० असे सुमारे पाच महिने एका उजाड खडकावर तट चढत होता. तो चढू नये म्हणून त्याच्याभोवती जहाजे फिरत होती आणि त्या जहाजांच्या मधून रात्रीच्या वेळी होड्या ये-जा करीत होत्या. या तीन गोष्टींपैकी निर्णायक कोणती ठरली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या विषयाची साधने मुख्यत्वे इंग्रजी आहेत. मुंबई आणि सुरत येथील कंपनीच्या वखारींमधील पत्रव्यवहार पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या संग्रहात प्रसिद्ध केला. त्याआधी रॉबर्ट ऑर्म व ग्रँट डफ यांनी आणि नंतर सर जदुनाथ सरकार, सुरेंद्रनाथ सेन, डॉ. भा. कृ. आपटे प्रभृतींनी या साधनांचा उपयोग केला. शत्रूने लिहिलेल्या कागदांवरून आपला इतिहास रचताना जी सावधगिरी घ्यावयाची ती येथेही आवश्यक आहे. मात्र याच कागदांत इंग्रजांनी स्वतःच्या अडचणी मोकळेपणाने नोंदविल्या आहेत, आणि या विषयापुरते तेच अधिक मोलाचे आहे. या कागदांतील तारखा जुन्या इंग्रजी पंचांगाच्या आहेत. आजच्या गणनेसाठी त्यांत दहा दिवस मिळवावे लागतात. येथे मूळ तारखाच दिल्या आहेत.

बुलडाणा जिल्ह्यातील डोणगाव-मेहकर परिसर समुद्रापासून सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर याच जिल्ह्यात असल्याने येथील विद्यार्थ्याला शिवचरित्र जवळचे वाटते, परंतु आरमाराचे प्रकरण त्याला परके राहते. भरती-ओहोटी, मतलई वारा, शिबाड आणि मचवा हे शब्द त्याच्या अनुभवातले नाहीत. खांदेरीचा प्रसंग मात्र या गोष्टी समजून घेतल्याशिवाय समजत नाही, म्हणून पुढील विवेचनात त्यांना थोडी अधिक जागा दिली आहे.

बेटांचे स्थान आणि त्यावरील दावे

खांदेरी आणि उंदेरी ही दोन लहान बेटे आजच्या रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेस थळ गावासमोर आहेत. मुंबई बंदराच्या मुखापासून खांदेरी दक्षिणेस सुमारे अठरा-वीस किलोमीटर अंतरावर आहे. उंदेरी हे त्याहून लहान, सखल आणि किनाऱ्याला अधिक जवळ. खांदेरीवर दोन उंचवटे असून त्यांच्यामध्ये खोलगट भाग आहे. उंचवट्यावर उभे राहिले असता मुंबईत शिरणारे व तेथून बाहेर पडणारे प्रत्येक गलबत दिसते. सतराव्या शतकात या बेटांवर वस्ती नव्हती. जे मोल होते ते जागेचे होते.

ही जागा तीन सत्तांच्या मधोमध होती. उत्तरेस मुंबईचे इंग्रज, दक्षिणेस जंजिऱ्याचा सिद्दी आणि समोरच्या किनाऱ्यावर महाराजांचा मुलूख. त्याशिवाय चौल येथे पोर्तुगीज होतेच. जंजिऱ्याचे सिद्दी इ. स. १६७१ च्या सुमारास मोगलांच्या चाकरीत गेले. त्यांच्या आरमाराचा खर्च सुरतेच्या वसुलातून चालू लागला आणि मोगल आरमार म्हणून ते मराठी किनाऱ्यावर वावरू लागले. पावसाळ्यात हे आरमार मुंबई बंदरात माझगावला नांगरून राही. तेथून सिद्दीचे लोक खाडी ओलांडून समोरच्या मराठी गावांवर धाडी घालीत. इंग्रजांना हा पाहुणा नकोसा होता, परंतु सुरतेतील त्यांचा व्यापार मोगलांच्या मर्जीवर चालत असल्याने त्याला नाही म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. जुलै १६७८ मध्ये महाराजांनी दौलतखान व दर्यासारंग यांना पनवेलकडे पाठवून माझगावचे सिद्दीचे आरमार जाळण्याचा बेत केला होता. तो सिद्धीस गेला नाही. मुंबईत शिरून सिद्दीला गाठता येत नसेल तर मुंबई आणि जंजिरा यांच्यामधील वाटेवर आपले ठाणे बसवावे, हा विचार खांदेरीच्या मुळाशी असावा.

हा विचार नवा नव्हता. इ. स. १६७२ मध्येच महाराजांनी खांदेरीवर बांधकामाचा प्रयत्न केला होता. इंग्रज व सिद्दी या दोघांनीही विरोधाची तयारी दाखविल्यावर तो सोडून देण्यात आला. त्या काळात इंग्रज आणि डच यांचे युद्ध चालू होते. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच आरमार मुंबईसमोर येऊन उभे राहिले. अशा वेळी आपल्या दारात आणखी एक ठाणे उभे राहणे मुंबईच्या इंग्रजांना परवडणारे नव्हते.

इंग्रजांचा दावा मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. खांदेरी हे मुंबईच्या अंगभूत बेटांपैकी एक असल्याने ते आपलेच, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबई त्यांना मिळाली ती इ. स. १६६१ च्या विवाहतहाने, पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या आंदणात. परंतु प्रत्यक्ष ताबा देताना गोव्याच्या पोर्तुगीज विजरईने तहाचा अर्थ इतका संकुचित केला की इ. स. १६६५ मध्ये हंफ्री कुक याच्या पदरात मुंबई बेटापलीकडे फारसे काही पडले नाही. माहीमसारख्या लगतच्या भागावरूनही वाद झाला. ज्यांना माहीमचा हक्क शाबीत करताना नाकीनऊ आले, त्यांनी अठरा-वीस किलोमीटरवरच्या खडकावर त्याच दस्तऐवजाच्या आधारे हक्क सांगावा, यात कायद्यापेक्षा गरज अधिक दिसते. या बेटावर त्यांनी १६७९ पूर्वी ना पहारा ठेवला होता, ना झेंडा लावला होता. महाराजांच्या बाजूने आलेले उत्तर याउलट अगदी साधे होते. बेट आपल्या किनाऱ्यासमोर आहे आणि तेथे आपले लोक काम करीत आहेत. दाव्याची भाषा इंग्रजांकडे होती, पाथरवट मराठ्यांकडे होते.

मायनाक भंडारी आणि पहिले महिने

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन खांदेरीवर उतरला आणि त्याने कामास प्रारंभ केला. ही वेळ विचारपूर्वक निवडलेली दिसते. पावसाळा ओसरत आलेला असतो, तरी समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतो. मोठ्या जहाजांना उघड्या समुद्रात एका जागी नांगर टाकून राहणे या दिवसांत धोक्याचे असते. किनाऱ्यावरील लहान होड्यांना मात्र वाऱ्याची उघडीप पाहून चार-पाच किलोमीटरचे अंतर कापता येते. सिद्दीचे आरमारही त्या वेळी जवळ नव्हते. बांधकामाला लागणारा दगड बेटावरच होता, तर धान्य, लाकूड, दारूगोळा आणि माणसे थळच्या बाजूने आणावयाची होती.

२ सप्टेंबर रोजी मुंबईकरांनी एन्साइन डॅनियल ह्यूज याच्या हाताखाली तीन शिबाडे बेटाभोवती गस्तीसाठी पाठविली. हेतू एवढाच की बेटावर कोणी नव्याने उतरू नये आणि आतील लोकांना काही पोहोचू नये. बेट सोडून जाण्याचा निरोप आला तेव्हा धन्याच्या हुकमाशिवाय आपण हलणार नाही, असे मायनाकाने कळविले. इंग्रजांना वाटले होते की काही दिवसांतच उपासमारीने ही माणसे निघून जातील. तसे झाले नाही. वारा पडला की शिबाडे जागच्या जागी राहत आणि वल्ह्यांच्या होड्या त्यांच्या डोळ्यांदेखत निसटत. वारा जोराचा झाला की शिबाडांनाच आसरा शोधावा लागे.

या परिस्थितीत १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प याने बेटावर उतरण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत खांदेरीवर छातीएवढा का होईना, तट उभा झाला होता. मराठ्यांच्या गोळीबारात थॉर्प व आणखी काही जण ठार झाले, काही कैद झाले आणि एक शिबाड मराठ्यांच्या हाती गेले. पंधरा-वीस दिवसांपूर्वी उघड्या खडकावर असलेल्या दीडशे माणसांनी आता दगडाच्या आडून तोफा डागल्या होत्या. इतक्या थोड्या दिवसांत बांधकामाने किती फरक पडतो, हे येथे दिसून येते. यापुढे इंग्रजांनी बेटावर उतरण्याचा नाद सोडला आणि गस्तीवरच भिस्त ठेवली.

मायनाक हा भंडारी होता, ही बाबही लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या इंग्रजांनी जी स्थानिक शिबंदी उभारली होती तीतही भंडारी होते. त्यांची गस्तीची शिबाडे आणि मचवे याच किनाऱ्यावरचे होते व ते हाकणारे खलाशीही बहुतांशी येथलेच. बेटावरील तट आणि त्याभोवतीचा पहारा ही दोन्ही कामे एकाच किनाऱ्यावरील माणसांच्या कसबावर चालली होती. कागदोपत्री मात्र अधिकाऱ्यांची नावे आली. तांडेल आणि वल्हेकरी यांची नावे मिळत नाहीत.

१८ ऑक्टोबरची चकमक

शिबाडांनी काम होत नाही असे पाहून मुंबईकरांनी 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज पाठविले. त्यावर कॅप्टन मिंचिन होता आणि साऱ्या तांड्याचे आधिपत्य कॅप्टन रिचर्ड केग्विन याच्याकडे होते. 'रिव्हेंज', दोन गुराबा, तीन शिबाडे व दोन मचवे अशी आठ जहाजे झाली. महाराजांचे आरमार दौलतखानाच्या हाताखाली चौलच्या उत्तरेस किनाऱ्यालगत जमले होते. त्याची संख्या निरनिराळ्या कागदांत चाळीसपासून साठपर्यंत सांगितली आहे.

१८ ऑक्टोबरच्या पहाटे हे आरमार एकाएकी बाहेर पडले आणि नाळेवरच्या तोफा डागीत इतक्या वेगाने आले की इंग्रजांना नांगर उचलण्यासही पुरता वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासाच्या आत 'डव्ह' या गुराबेने निशाण उतरविले आणि ती सार्जंट मॉलिव्हरर व इतर लोकांसह मराठ्यांच्या हाती पडली. दुसरी गुराब दूरच राहिली, लहान जहाजे पळाली. 'रिव्हेंज' एकटी उरली. परंतु तिच्या तोफांपुढे मराठ्यांच्या हलक्या गलबतांचा टिकाव लागला नाही. इंग्रजांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांतील पाच बुडाली आणि बाकीचे आरमार नागोठण्याच्या खाडीत शिरले. पुढे दोन दिवसांनी ते पुन्हा बाहेर आले, परंतु 'रिव्हेंज' पुढे सरसावताच परत फिरले.

या हकिगतीला मराठी अभिमानाने मुरड घालण्याचे कारण नाही. पन्नास-साठ गलबते एका युरोपीय बांधणीच्या जहाजाला बुडवू शकली नाहीत, ही वस्तुस्थिती आहे. महाराजांच्या आरमारात जड तोफा वाहणारी मोठी जहाजे जवळजवळ नव्हती आणि तोफांची व गोलंदाजांची उणीव तर सर्वत्रच होती. उघड्या समुद्रावरील सामना मराठ्यांनी गमावला असेच म्हणावे लागते. प्रश्न असा की मग बेट का गेले नाही?

रसदेचे गणित

खांदेरीला पुरवठा थळ व नागोठण्याच्या बाजूने होत असे. हे अंतर वल्ह्यांच्या होडीला भरतीच्या एका वेळेत सहज पार करता येते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर वाऱ्याचा ठरावीक क्रम बसतो. दिवसा समुद्रावरून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. रात्री निघणाऱ्या होडीला हा वारा पाठीवर मिळतो. अंधार, पाठीवरचा वारा, ओळखीचे खडक आणि कमी पाण्यातही चालणारा तळ, एवढ्या गोष्टी होडीच्या बाजूने होत्या. 'रिव्हेंज'सारख्या जहाजाला खोल पाणी आणि भरपूर वारा लागे. किनारा आणि बेट यांच्यामधल्या खडकाळ पट्ट्यात रात्री शिरणे तिला शक्य नव्हते. तिच्या तोफा ज्यासाठी होत्या ते काम दिवसाच होऊ शकत असे. इंग्रजांच्या पत्रांत ही तक्रार वारंवार येते की मराठ्यांच्या चपळ होड्या रात्री बेटावर जातात आणि त्यांना अडविता येत नाही.

'रिव्हेंज'ने दौलतखानाला खाडीत कोंडले खरे, परंतु त्याचवेळी तिची सारी शक्ती त्या खाडीच्या तोंडाशी अडकून पडली. आरमार बाहेर येईल या धास्तीने इंग्रजांना तेथे लक्ष ठेवावे लागे आणि खांदेरीच्या बाजूने होड्या मोकळ्या फिरत. जे आरमार लढाईत हरले त्याने केवळ अस्तित्वात राहून कामाला आडोसा दिला. तट रोज थोडा थोडा चढत होता.

रसदेचे महत्त्व महाराजांना किती होते, याचा दाखला खांदेरीच्या चार वर्षे आधीच्या एका पत्रात मिळतो. जंजिऱ्यासमोर कासा बेटावर पद्मदुर्गाचे काम चालू असताना प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमाराला ठरलेले पैसे व धान्य वेळेवर पोहोचविले नाही. जानेवारी १६७५ मधील पत्रात महाराजांनी त्याला अत्यंत कठोर शब्दांत जाब विचारला. पद्मदुर्ग वसवून राजपुरीसमोर दुसरी राजपुरी उभी करीत असता आरमार खोळंबून राहते, म्हणजे सुभेदार हबशांना सामील झाला असेच समजावे लागेल आणि ब्राह्मण म्हणून त्याची गय केली जाणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. या पत्रातील राग लढाईत हरलेल्या सरदारावर नाही. धान्य न पाठविणाऱ्या कारकुनी अंमलदारावर आहे. बेट लढवय्यांच्या हाती असले तरी ते टिकते कोठारावर, ही समज त्यात दिसते. पुढे इ. स. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले. आरमारास वेतन वेळेवर मिळावे, जहाजांसाठी रयतेची आंबा-फणसासारखी झाडे तिच्या संमतीशिवाय व मोबदल्याशिवाय तोडू नयेत, छावणी दुर्गाच्या आश्रयाने असावी, असे तपशील त्यात आहेत. ही शिकवण कोठून आली असावी याचा अंदाज खांदेरी-पद्मदुर्गासारख्या प्रसंगांवरून येतो.

इंग्रजांच्या बाजूचे गणितही रसदेचेच होते, फक्त त्याचे नाव खर्च असे होते. इतकी जहाजे महिनोन्‌महिने समुद्रावर ठेवणे कंपनीला जड जाऊ लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरतेच्या कौन्सिलने मुंबईला सुचविले की वेळीच आणि अब्रू राखून यातून बाहेर पडावे. महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे फौज जमवून मुंबईवर येण्याचा देखावा केल्याने मुंबईकरांची चिंता वाढली. पोर्तुगीजांनी वाट न दिल्याने ती फौज पुढे आली नाही, हा भाग वेगळा. लंडनच्या डायरेक्टरांचा काटकसरीचा आग्रह सतत चालूच होता. याच काटकसरीपायी शिपायांचे पगार कापले गेल्याने डिसेंबर १६८३ मध्ये मुंबईत बंड झाले आणि त्या बंडाचा म्होरक्या होता रिचर्ड केग्विन, खांदेरीच्या गस्तीवरचा तोच कॅप्टन. खांदेरीच्या गस्तीचा खर्च कंपनीला किती बोचला होता हे यावरून ताडता येते.

सिद्दीचा डाव

नोव्हेंबर १६७९ मध्ये सिद्दी कासमचे आरमार येऊन इंग्रजांना मिळाले आणि खांदेरीवर तोफांचा मारा सुरू झाला. तरीही इंग्रजांचे समाधान झाले नाही, कारण सिद्दीने बेट जिंकले तर ते तो स्वतःकडेच ठेवील हे त्यांना कळून चुकले होते. मोगलांच्या बळावरील सिद्दी दारात बसण्यापेक्षा तहाने बांधलेले मराठे बरे, असा विचार त्यांच्यात बळावला. इंग्रज व मराठे यांच्यात बोलणी सुरू झाली आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रज जहाजे खांदेरीभोवतालून निघून गेली.

यावर सिद्दी कासमने जे केले ते मराठ्यांना अधिक झोंबणारे होते. ९ जानेवारी १६८० रोजी त्याने शेजारच्या उंदेरी बेटावर माणसे व तोफा उतरविल्या आणि तट बांधण्यास प्रारंभ केला. मायनाकाने जे खांदेरीवर केले तेच, त्याच पद्धतीने, खांदेरी आणि किनारा यांच्यामध्ये. दौलतखानाने २६-२७ जानेवारीला उंदेरीवर हल्ला केला, परंतु त्यात मोठी हानी झाली आणि तो स्वतः जखमी झाला. आता दगडाच्या आड सिद्दी होता आणि उघड्या होड्यांत मराठे होते. संभाजी महाराजांच्या काळातही उंदेरी घेण्याचा प्रयत्न झाला आणि फसला. खांदेरीचा इतिहास लिहिताना उंदेरी बहुधा एका ओळीत उरकली जाते. हे योग्य नाही. एका बेटावर जी रीत यशस्वी झाली तिनेच दुसऱ्या बेटावर मराठ्यांची वाट अडविली, आणि खांदेरीला जाणाऱ्या प्रत्येक होडीला यापुढे उंदेरीच्या तोफा चुकवाव्या लागल्या.

मार्च १६८० मध्ये महाराज व इंग्रज यांच्यात तह होऊन राज्याभिषेकसमयीच्या १६७४ च्या कराराला दुजोरा मिळाला. सिद्दीला मुंबई बंदराच्या आश्रयाने मराठी मुलखावर स्वारी करू द्यावयाची नाही, हे त्यातील महाराजांच्या दृष्टीने महत्त्वाचे कलम. ते पाळले गेले नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सिद्दीचे आरमार पुन्हा माझगावला होते. याच मार्चमध्ये अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याच्या बांधकामास प्रारंभ झाला. तेथील तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून शिरून तिचा जोर ओसरतो. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते काम अपुरे होते. संभाजी महाराजांनी ते पुढे नेले.

आजच्या एका वादाच्या संदर्भात

हा प्रसंग केवळ जुनी हकिगत म्हणून पाहण्याचे कारण नाही, हे दक्षिण चीन समुद्रातील घडामोडींवरून दिसते. तेथील स्प्रॅटली समूहात चीनने २०१३ च्या अखेरीपासून प्रवाळखडकांवर वाळू ओतून धावपट्ट्या आणि बंदरे उभी केली. १२ जुलै २०१६ रोजी हेग येथील लवादाने चीनच्या व्यापक ऐतिहासिक हक्काला कायदेशीर आधार नसल्याचा निर्णय दिला. चीनने तो मानला नाही, बांधकामे तशीच राहिली. फिलिपिन्सची बाजू त्याहून बोलकी आहे. 'सेकंड थॉमस शोल' या खडकावर त्या देशाने १९९९ साली 'सिएरा माद्रे' हे जुने जहाज मुद्दाम रुतवून ठेवले आणि त्यावर मूठभर नौसैनिक बसविले. त्यांना अन्नपाणी घेऊन जाणाऱ्या होड्यांना चिनी तटरक्षक दलाने पाण्याचे फवारे मारून अडविल्याच्या घटना वारंवार घडल्या. जुलै २०२४ मध्ये दोन्ही देशांत जो तात्पुरता समझोता झाला तो बेटाच्या मालकीविषयी नसून रसद पोहोचविण्याविषयी होता.

अर्थात साम्याला मर्यादा आहेत. सतराव्या शतकात समुद्राचा कायदा अस्तित्वात नव्हता आणि रडारही नव्हते. मतलई वाऱ्यावर अंधारात निसटण्याची सोय आजच्या होडीला नाही. मायनाकाला ती होती.

पुढील काळ

खांदेरी यानंतर मराठ्यांकडेच राहिली आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे एक मुख्य ठाणे झाली. नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने मोठा काफिला घेऊन तिच्यावर हल्ला केला, तोही फसला. या वेळी मात्र वाद मालकीच्या कागदाचा राहिला नव्हता. कंपनीच्या पत्रांत खांदेरीचा उल्लेख सरळ आंग्र्यांचा किल्ला म्हणून येतो. उंदेरी सिद्दीकडेच राहिली. ऐंशी वर्षे ही दोन ठाणी एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. पानिपतच्या आगेमागे उंदेरी मराठ्यांनी घेतली. इ. स. १८१८ मध्ये खांदेरी आणि १८४० मध्ये कुलाबा संस्थान खालसा झाल्यावर उंदेरी इंग्रजांकडे गेली. १८६७ साली खांदेरीच्या उंचवट्यावर दीपगृह उभारण्यात आले. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, २०१९ मध्ये 'खांदेरी' नावाची पाणबुडी भारतीय नौदलात दाखल झाली आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जे बारा मराठा किल्ले स्वीकारले त्यांत खांदेरीचा समावेश झाला. उंदेरी त्या यादीत नाही. थळच्या कोळ्यांच्या होड्या मात्र खांदेरीवरील वेताळाच्या दर्शनाला जाताना आजही तिच्याच बाजूने जातात.